डोंगरदळाची उन्हाची टोपी

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांच्याही वर माथे काढून उभे होते, तिथे धैर्यशील नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या किल्ल्याच्या रक्षणाला डोंगरदळ होते, आणि डोंगरदळाचा पोशाख साऱ्या मुलखात नावाजलेला होता. गुडघ्यापर्यंत लोकरी चौकड्यांचा चुणीदार घेर, डाव्या खांद्यावर त्याच चौकड्यांचे जाड उपरणे, ते अडकवायला चांदीचा आकडा, कमरेला केसाळ कातड्याचा बटवा, पोटऱ्यांपर्यंत लोकरी मोजे. डोक्यावर काळी, बिनकाठाची, मूठभर टोपी, आणि तिच्यावर गरुडाचे पीस. धुक्यात, गारठ्यात हा पोशाख अंगावर असला की घरच पांघरून हिंडल्यासारखे वाटे.

एके दिवशी भृकुंड नावाचा मांत्रिक दूरच्या वाळवंटातून पाहुणा म्हणून दरबारात आला. त्याच्या डोक्यावर गवताची, गाडीच्या चाकाएवढ्या काठाची टोपी होती. ती पाहून राजा हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला.

भृकुंडाने टोपी काढून छातीशी धरली. तो म्हणाला, "माझ्या सावलीला हसलात. आता तुम्हांला सावली नाही. तुमच्या मानाच्या पोशाखावर शोभेल आणि ऊनही अडवील, अशी टोपी तुमच्यातले कोणी माझ्या गुहेतून निवडून भर दरबारात घालील, आणि तिला कोणी हसणार नाही, तेव्हाच ढग परत येतील."

त्याने हात उचलला. डोंगरावरचे ढग मेंढरांसारखे त्याच्या मागे चालू लागले आणि खिंडीपलीकडे दिसेनासे झाले.

मग ऊन पडले, आणि पडूनच राहिले. कुरणे पिवळी पडली, झरे आटले, मेंढ्या खडकांच्या फटीत डोकी खुपसून उभ्या राहू लागल्या. डोंगरदळ मात्र भर दुपारी ध्वजाला सलामी देतच होते, लोकरी घेरात, जाड उपरण्यात, मूठभर टोपीत.

दळाची नायिका होती उल्का. तिचे वडील वज्रबाहू सलामीच्या वेळी कातडी पिशवीची पुंगी वाजवीत. एका दुपारी सूर मधेच तुटला. उल्काने वळून पाहिले, तर वडील फरशीवर पडलेले. तिने त्यांना उचलून भिंतीशी नेले, तोंडावर पाणी मारले. त्यांनी डोळे उघडले, ते पांढरेफटक झाले होते.

"उल्के," ते म्हणाले, "दिवे कोणी विझवले?"

सूर्य तेव्हा थेट डोक्यावर होता.

उल्का तशीच तडक वेशपंडित कुशंकाकडे गेली. कोणी काय घालावे हे राज्यात तोच ठरवी.

"पंडितजी, टोपीला काठ हवा."

"काठ परंपरेत नाही."

"परंपरेत धुके होते. ते कुठे आहे?"

"धुके माझ्या अखत्यारीत नाही," कुशंक म्हणाला आणि सावलीत सरकून बसला.

त्याचे ते सरकणे पाहून उल्काच्या अंगाची आग आग झाली. ती राजापुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, टोपी निवडायला मी जाते."

"जा," राजा म्हणाला. "पण निवड चुकली, तर दोष तुझा."

"हसलात तुम्ही, महाराज. आंधळे झाले माझे वडील. आणि दोष माझा?"

उल्काने भाला खांद्यावर टाकला आणि पूर्ण पोशाखात ती खिंडीच्या वाटेला लागली. टोपी पोशाखासाठी निवडायची, तर पोशाख अंगावर हवाच.

कोरड्या झऱ्यावर एक टिटवी ओरडत बसली होती. उल्काला पाहताच ती माणसाच्या वाणीने म्हणाली, "माझी अंडी उन्हात शिजली! टोपीला हसली माणसे, आणि अंडी माझी शिजली!"

"टिटवीबाई, मीही त्याच कामाला निघाले आहे. भृकुंडाची गुहा कुठे आहे?"

"चल, दाखवते. आत तीन दालने आहेत, दालनागणिक एक टोपी. एकच बाहेर आणता येते. चुकीची आणणारा उंबऱ्यावर दगड होतो."

गुहेच्या दाराशी दगडी माणसे उभी होती. एकाची मान छातीवर लोंबत होती, दुसऱ्याच्या ओठांवर खुळे हसू थिजले होते. उल्काने त्यांना नमस्कार केला आणि ती आत शिरली.

पहिल्या दालनात सोन्याची टोपी होती, देवळातल्या छत्रीसारखी, काठाला मोत्यांची झालर. उल्काने ती घातली. सावली पायांपर्यंत पडली, पण मान खांद्यांत रुतली. दोन पावलांत पोटऱ्या थरथरू लागल्या. "ही घालायची तर धरायला चार नोकर हवेत," ती म्हणाली आणि तिने टोपी खाली ठेवली.

दुसऱ्या दालनात मखमलीची टोपी होती. तिच्यावर उल्काच्या घेरासारख्याच चौकड्या होत्या. डोक्यावर बसताच ती कुजबुजली, "किती देखणी दिसतेस!" छताच्या भोकातून उन्हाचा झोत येत होता, उल्का त्यात जाऊन उभी राहिली. थोड्याच वेळात कान भाजले, मानेवरून घामाची धार लागली. टोपी कुजबुजतच होती.

"गप्प बस," उल्का तिला म्हणाली. "तुला काठच नाही, आणि तोंड मात्र आहे."

तिसऱ्या दालनात भृकुंडाची तीच गवताची टोपी होती. हलकी, आतून वारा खेळणारी, खांद्यांवर सावली धरणारी. उल्काला हायसे वाटले. मग सलामीला उजवा हात मोकळा ठेवून तिने भाला डाव्या खांद्यावर घेतला. काठ भाल्यावर आपटला, चांदीच्या आकड्यात अडकला, आणि टोपी मागे घसरली. ती उचलायला उल्का वाकली, तोच गुहेतला वारा टोपी घेऊन पळाला.

उल्का मट्कन खाली बसली. तिला रडू आले, ते दुःखाचे नव्हते, संतापाचे होते. "ही टोपी करणाऱ्याने कधी भाला धरला नाही, आणि आमचा पोशाख करणाऱ्याने कधी ऊन सोसले नाही! मधल्या मधे डोकी आमची!"

"एखादी घे आणि चल," टिटवी म्हणाली.

"एखादी नाही. उपयोगी पडेल तीच."

तिने गवताची टोपी पकडून आणली. आपल्या काळ्या टोपीवरची गरुडपिसाची टाचणी काढली, गवताच्या टोपीचा डावा काठ वर दुमडला आणि त्या टाचणीने पक्का केला. उपरण्याच्या कडेची चौकड्यांची पट्टी फाडून तिचा हनुवटीखाली बंद बांधला. मागचा काठ वाकवून मानेवर उतरवला. मग ती चालली, वाकली, धावली. भाला खांद्यावर घेतला, उतरवला, पुन्हा घेतला. टोपी जागची हलली नाही.

उंबऱ्यावर भृकुंड उभा होता. "तू माझी टोपी दुमडलीस!"

"दुमडली, मोडली नाही. तुमच्या टोपीला आमचा खांदा ठाऊक नव्हता."

"माझा अपमान झाला होता, मुली."

"झाला. तो करणारे आजही पडद्याआड बसून सरबत पितात. तुम्ही जाळलेत कोणाला? मेंढपाळांना, पाखरांना, माझ्या वडिलांना! एवढी विद्या तुमच्याजवळ, आणि नेम इतका वाईट?"

भृकुंडाची मान खाली गेली. तो बाजूला झाला. "उंबरा ओलांड. पण दरबारात कोणी हसले, तर ढग कायमचे माझे."

उल्काने श्वास रोखून पाय बाहेर टाकला. पाय पायच राहिला.

दरबार त्या दिवशी पटांगणात भरला होता. दरबारी पडद्यांआड, डोंगरदळ उन्हात. उल्का चालत आली. मागे भृकुंड, त्याच्या खांद्यावर टिटवी.

"एकीकडे काठ, एकीकडे नाही!" कुशंक ओरडला. "काय हे ध्यान!"

कोणाचे तरी ओठ हलले. कोणी तरी हसू दाबायला खोकला काढला. उल्काने भाला फरशीवर आपटला.

"हसायचे त्याने आधी इथे यावे! पडदा सोडून, या फरशीवर, माझ्या दळाच्या शेजारी उभे राहावे. सलामी संपेपर्यंत पाय टिकले, तर मग खुशाल हसावे!"

कोणी हलले नाही. मग राजा धैर्यशील उठला. तो पायऱ्या उतरला आणि उन्हात उल्काशेजारी उभा राहिला. सलामी सुरू झाली. मुकुट तापला. राजाच्या कपाळावरून घाम उतरला, डोळ्यांत गेला. अखेर त्याने मुकुट काढला, तेव्हा कपाळावर लाल वळ उमटला होता.

"नायिके," तो हळू आवाजात म्हणाला, "ती टोपी क्षणभर देतेस?"

उल्काने दिली. राजाने ती घातली, बंद बांधला, तिच्याकडून भाला मागून घेऊन डाव्या खांद्यावर ठेवला. त्याने दीर्घ श्वास सोडला. पटांगणात कोणी हसले नाही. हसण्यासारखे काही आहे, असे आता कोणाला वाटतच नव्हते.

राजा भृकुंडाकडे वळला आणि त्याने हात जोडले. "अतिथी, त्या दिवशी मी मूर्खासारखा हसलो. क्षमा करा."

भृकुंडाने खिंडीकडे पाहून शीळ घातली. ढग धावत आले. किल्ल्यावर, कुरणांवर, कोरड्या झऱ्यांवर सावली पसरली. गुहेच्या दाराशी दगडी माणसे जांभया देत जागी झाली. भिंतीशी बसलेल्या वज्रबाहूंनी डोळे चोळले, समोर पाहिले आणि विचारले, "उल्के, महाराजांच्या डोक्यावर काय आहे? छान आहे."

तेव्हापासून त्या राज्यात गारठ्याला काळी टोपी आणि उन्हाला गवताची टोपी, अशी रीत पडली. एके सकाळी कुशंक मोजायची दोरी घेऊन उल्काकडे आला.

"काठ किती बोटे दुमडावा ते सांग. मी नियम करतो."

"नियम नको. ऊन बघा, डोके बघा."

"आणि कोणी उजवीकडे दुमडला तर?"

उल्काने त्याच्याकडे असे पाहिले की त्याच्या हातातली दोरी गळून पडली.

"तर तो डावखुरा असेल, पंडितजी."