आपल्याच नावाची बोंब

मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्याला, काळ्या खडकांच्या वरच्या अंगाला आपल्या मराठी लोकांचं एक लहानसं गाव आहे. इथली होळी बघायला आलेले पाहुणे आधी हसतात. शिमग्याला दुसऱ्याच्या नावानं बोंब मारायची, ही आपली रीत. इथे मात्र ज्यानं त्यानं आपल्याच नावानं मारायची. हसा, हसायला हरकत नाही. पण असं का, तेवढं ऐकून घ्या.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. कोकणातून उसाच्या मळ्यावर आलेली मोजकी घरं तेवढी इथे होती. एवढ्याशा माणसांची होळी ती काय होणार! म्हणून त्यांच्यातल्या धाकूनं आपल्या दोस्ताला, मुत्तूला बोलावलं. मुत्तू तमिळ, मराठी जेमतेम यायची. धाकूनं त्याला बसवून शिकवलं. तोंडावर हात आपटायचा, ज्याची खोडी काढायची त्याचं नाव घ्यायचं, आणि बों बों करायचं. समोरच्यानं मारली की आपण उलट मारायची, गप्प बसायचं नाही.

"नाव कुणाचं घेऊ?" मुत्तूनं विचारलं.

"माझंच घे की. रागावतोय कोण!"

दिवस कलला तसा मुत्तू वाहून आलेली लाकडं गोळा करायला खाली समुद्राकडे उतरला. वर होळीपाशी गावातल्या भिवाचा ढोल घुमत होता. तेवढ्यात खालून आवाज आला, "धाकूच्या नावानं बों बों बों!"

सगळे पोट धरधरून हसले. "धाक्या, चेला तुझ्यावरच उलटला की रे!" भिवा म्हणाला. धाकूनंही घसा फोडून मुत्तूच्या नावानं एक ठोकून दिली.

खालून काहीच आलं नाही.

ढोल चालूच होता. धाकूचं हसू मात्र ओठावरच राहिलं. उलट बोंब का नाही आली? शिकवलं होतं ना त्याला? तो उठला, आणि उतारावरून धावत सुटला.

मुत्तूचा पाय खडकांच्या फटीत गुडघ्यापर्यंत अडकला होता. पौर्णिमेची भरती चढत होती. पाणी छातीला लागलेलं.

"माझ्या हाकेला तू ओ दिलीस," मुत्तू म्हणाला. "म्हणून गप्प राहिलो. म्हटलं, येतोयस."

धाकूनं पाय ओढून पाहिला, खडकाला खांदा लावला. हलेना. लाट आली की मुत्तूचं तोंड बुडायचं. त्याची हनुवटी वर धरून धाकू ओरडला, "भिवा! अरे भिवा, धाव!"

वरून हशा आला. पाठोपाठ, "धाकूच्या नावानं बों बों!" आणि ढोल आणखी जोरात. धाकू पुन्हा ओरडला. पुन्हा हशा. शिमग्याच्या दिवशी हाक खरी कुणाला वाटणार?

पाणी मुत्तूच्या नाकाशी आलं. तेव्हा धाकूला सुचलं. त्यानं तोंडावर हात आपटला आणि जीव खाऊन बोंब मारली, "धाकूच्या नावानं बों बों बों!"

वर भिवाचा हात ढोलावरच थांबला.

"हा तर धाक्याचाच आवाज," तो म्हणाला. "आपल्याच नावानं कोण बोंबलतं रे?"

मग कुणी हसलं नाही. होळीला उभं केलेलं खोड उपटून माणसं खाली धावली. त्याच खोडाची पहार केली, खडक उचकटला. मुत्तू बाहेर निघाला. पाय कायमचा अधू झाला, पण जिवंत निघाला. ते भिजलेलं खोड त्या वर्षी धड पेटलंही नाही. नुसत्याच धुमसणाऱ्या त्या होळीपुढे धाकूनं शब्द दिला, की यापुढे इथे दुसऱ्याच्या नावानं बोंब मारायची नाही.

आजही होळीभोवती सगळे गोल उभे राहतात. मराठी असतात, तमिळ असतात, बिहारी, क्रिओल, सगळे. एकेक जण आपल्या नावानं बोंबलतो. एखाद्याची बोंब आली नाही, तर त्याच्या बदली कुणी मारत नाही. पेटवायची काडी तशीच हातात राहते, आणि कुणीतरी त्याच्या वाटेनं बघायला जातं. उशीर होतो, पाहुणे चुळबुळ करतात. करू देत. माणूस कुठे आहे ते कळल्याशिवाय इथे होळी पेटवत नाहीत.