पंख्याला गप्प करणारा लॅपटॉप

यंत्रंही आपसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. शार्दूलकडे एक जुना लॅपटॉप होता. त्यावर अभ्यास नीट होई, पण गेम लावला की चित्र अडखळे. "ताई, याची रॅम वाढवू, की नवाच घेऊ?" शार्दूलने बहिणीला विचारलं. आता आपल्याला टाकून देणार, अशी लॅपटॉपला धास्ती बसली.

आतला पंखा धुळीने भरून घरघरत होता. लॅपटॉप त्याच्यावर खेकसला, "गप्प बस! तुझ्यामुळे मी म्हातारा वाटतो."

"अरे, मी ओरडलो तरच कुणीतरी उघडून साफ करेल," पंखा म्हणाला. "जीव तापतोय तुझा."

"तापू दे. मला इथून जायचं नाही."

पंखा बिचारा हळूहळू फिरू लागला.

"ताई, आवाज गेला बघ! अजून धडधाकट आहे हा," म्हणत शार्दूलने नवी रॅम, म्हणजे वीज असेपर्यंतच सारं लक्षात ठेवणारी स्मृती, आणून बसवली. गेम सुसाट धावू लागला. लॅपटॉप आतून भाजत होता, तरी गेम पळवत राहिला. एके दिवशी ऐन रंगात आलेल्या खेळात पडदा काळा झाला, तो कायमचाच.

शार्दूल घटकाभर हळहळला आणि जुना सोबत घेऊन नवा लॅपटॉप घ्यायला दुकानात गेला. दुकानदाराने जुन्यातली रॅम काढून नव्यात बसवली आणि जुना लॅपटॉप पंख्यासकट भंगारात टाकला.

नव्या लॅपटॉपने रॅमला विचारलं, "याआधी कुणाकडे होतीस गं?"

"आठवत नाही," रॅम म्हणाली.