पोवळीचं वासरू

गाय म्हातारी झाली, मागे वासरू उरलं नाही, की जहागीरदार दौलतराव तिला कळपातून काढून खाटकाला देत. यंदा पोवळीची पाळी होती; खाटीक दोर घेऊन गोठ्यापाशी उभा होता. पण तिच्या कासेला एक वासरू बिलगलेलं.

“हे हिचं नाही,” दौलतराव गुरकावले.

“खरंय सरकार,” गुरं राखणारी भिवरा म्हणाली. “याची आई वितानाच दगावली. दूध मी पाजते, पण झोपतं ते पोवळीच्याच कुशीत.”

“पोटचं नाही, ते तिचं कसं? काढा तिला!”

भिवराने डोळे पुसले. “मग गेल्या पंधरवड्यात आईसाहेबांना अग्नी कोणी दिला? त्यांनीही तुम्हाला दत्तकच घेतलं होतं ना?”

दौलतरावांचा हात मुंडण केलेल्या डोक्याकडे गेला. खाटकाला त्यांनी नुसत्या खुणेनेच परत पाठवलं.

वासरू पोवळीची कोरडी कास चोखत होतं, आणि ती त्याला चाटत होती.