पंख नाही, पंखा

कान इकडे करा. आणि गप्प बसा बरं, कारण या गोष्टीत आवाज करणारा एक जण आधीच आहे.

एक होता रातकिडा. अगदी एवढुस्सा. त्याचं नाव किरकू. किरकू राहायचा कुमुदआत्याच्या टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या मागे. त्याची आई राहायची स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपामागे.

दिवेलागण झाली की किरकू पंखावर पंख घासायचा. किर्र!

पिंपामागून आई म्हणायची, किर्र किर्र! म्हणजे, "इथंच आहे रे बाळा."

मग किरकूला बरं वाटायचं.

एक दिवस काय झालं? किरकूने पंखावर पंख घासला. किर्र ऐकूच आली नाही. ऐकू आलं ते भलतंच.

घर्र घर्र खडखड! घर्र घर्र खडखड!

किरकू गोंधळला. "माझी किर्र कुठं गेली? खाली पडली की काय?" त्याने चटईखाली बघितलं. चपलेत बघितलं. किर्र नव्हती. आईचीही किर्र नव्हती. किरकूला रडूच आलं.

पण हे घर्र घर्र करतंय कोण? कॉम्प्युटर करतोय. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, किरकू गेला कॉम्प्युटरकडे.

"कॉम्प्युटर रे कॉम्प्युटर, गप्प बस ना. माझी किर्र ऐकू येईना."

"मी कसा गप्प बसू? माझ्या पोटात विजेची पेटी. पेटीत जुना पंखा. तो पंखा निघेना."

"म्हणजे तुलाही पंख आहेत?"

"पंख नाही. पंखा."

किरकू गोंधळला. एकच पंख असला तर त्याला पंखा म्हणतात वाटतं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, किरकू गेला पंख्याकडे.

"पंख्या रे पंख्या, निघ ना. कॉम्प्युटर गप्प बसेना. माझी किर्र ऐकू येईना."

"मी कसा निघू?" पंखा खोकला. धूळ खाऊन खाऊन त्याचा घसा बसला होता. "टेबलावर बघ. खोक्यात नवा पंखा बसलाय. मी निघालो की तो येणार. पण स्क्रू सुटेना."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, किरकू गेला स्क्रूकडे.

"स्क्रू रे स्क्रू, सूट ना. पंखा निघेना. कॉम्प्युटर गप्प बसेना. माझी किर्र ऐकू येईना."

"मी कसा सुटू? स्क्रूड्रायव्हर फिरेना."

किरकू गोंधळला. "ड्रायव्हर? मग गाडी कुठाय?"

"गाडी नाही रे. खणात बघ."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, किरकू गेला खणात.

"स्क्रूड्रायव्हर रे स्क्रूड्रायव्हर, फिर ना. स्क्रू सुटेना. पंखा निघेना. कॉम्प्युटर गप्प बसेना. माझी किर्र ऐकू येईना."

"मी कसा फिरू? आत्या हात लावेना."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, किरकू गेला आत्याकडे.

"आत्या गं आत्या, हात लाव ना. स्क्रूड्रायव्हर फिरेना. स्क्रू सुटेना. पंखा निघेना. कॉम्प्युटर गप्प बसेना. माझी किर्र ऐकू येईना."

घर्र घर्र खडखड! आत्याला काऽही ऐकू आलं नाही. ती आपली स्वतःशीच पुटपुटत होती. "आज हा पंखा बदलायचाच. पण हात कसा लावू? चष्मा मिळेना." तिने उशीखाली बघितलं. फ्रिजमध्ये बघितलं. कपाळावरही चाचपून बघितलं.

किरकूला मात्र चष्मा दिसला. खुर्चीवरच्या गादीवर, त्याची एक दांडी बाहेर आली होती. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, किरकू गेला चष्म्याकडे.

"चष्म्या रे चष्म्या, मिळ ना. आत्या हात लावेना. स्क्रूड्रायव्हर फिरेना. स्क्रू सुटेना. पंखा निघेना. कॉम्प्युटर गप्प बसेना. माझी किर्र ऐकू येईना."

"मी कसा मिळू? वर बघ. माझ्यावर बोका बसलाय. बोका उठेना."

किरकूने वर बघितलं. ढब्बू बोका. केवढा तरी मोठा.

"बोक्या रे बोक्या, ऊठ ना. चष्मा मिळेना. आत्या हात लावेना. स्क्रूड्रायव्हर फिरेना. स्क्रू सुटेना. पंखा निघेना. कॉम्प्युटर गप्प बसेना. माझी किर्र ऐकू येईना."

बोक्याने एक डोळा उघडला. "मी आपणहून नाही उठत. कुणीतरी उठवलं तर उठीन." आणि डोळा मिटला.

किरकू फारच गोंधळला. कुणीतरी? हा कुणीतरी राहतो कुठं?

टुणुक टुणुक तो गेला चपलेकडे. "तू कुणीतरी का?"

"नाही. मी चप्पल."

टुणुक टुणुक तो गेला केरसुणीकडे. "तू कुणीतरी का?"

"नाही बाई. मी केरसुणी."

वाटेत मुंगी भेटली. डोक्यावर साखरेचा दाणा. "मुंगीताई, तू कुणीतरी का?"

"मी मुंगी. मला काम आहे." मुंगी थोडी थांबली. "अरे, कुणीतरी तूच असशील."

"मी?"

किरकूने आपले पाय बघितले. मिशा बघितल्या. बोक्याची त्याला भीती वाटत होती. पण पिंपामागे आई एकटी होती. तिलाही वाटत असेल, माझं बाळ कुठं गेलं?

टुणुक! किरकूने उडी मारली ती थेट बोक्याच्या नाकावर. आणि मिशांनी केल्या गुदगुल्या.

आ... आ... आक् छी!

किरकू उडाला आणि चपलेत पडला. पण बोका उठला!

बोका उठला, चष्मा मिळाला. चष्मा मिळाला, आत्याने हात लावला. आधी बटण बंद. मग प्लग बाहेर. मग वाट बघायची, खूप खूप वाट, आत उरलेली वीज जाईपर्यंत. विजेच्या पेटीला मोठ्या माणसांनीच हात लावायचा, तोही जपून. आत्याने हात लावला, स्क्रूड्रायव्हर फिरला. गरगर गरगर. स्क्रूड्रायव्हर फिरला, स्क्रू सुटला. टिंग! स्क्रू सुटला, पंखा निघाला. फूऽऽ! धूळच धूळ. खोक्यातला नवा पंखा आत बसला. प्लग लागला. बटण लागलं.

सुं... सुं...

एवढंच. कॉम्प्युटर गप्प बसला.

किरकूने पंखावर पंख घासला. हळूच. किर्र!

किर्र मिळाली! ती कुठं पडलीच नव्हती.

आत्या दचकली. "अगं बाई, नवा पंखाही वाजतो की काय?" तिने पेटीला कान लावला. आता तीही गोंधळली. तिने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला.

किर्र!

आवाज तर खालून येतोय. आत्याने चष्मा नाकावर नीट बसवला आणि ती वाकली. चपलेत एवढुस्सा किरकू. पंखावर पंख घासत होता.

आत्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"पंखा नाही," ती म्हणाली. "पंख."

आणि पिंपामागून आवाज आला, किर्र किर्र!

घरघर सरली, गोष्ट संपली, किर्र तेवढी उरली.