अकरावा खडा

एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि पायथ्याशी दुसरं. दोन्ही गावांत माणसं कमी आणि गुरं जास्त. मधे एकच कुरण होतं, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडची गुरं जगतील एवढं गवत त्यात कधीच नसायचं.

फार पूर्वी या गवतासाठी कुऱ्हाडी चालत. एका वर्षी दोन्ही गावांत मिळून सोळा चिता जळल्या. तेव्हा म्हातारी माणसं एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं, की यापुढं भांडायचं ते चेंडूनं. अकरा माणसं वरची, अकरा खालची. दसऱ्याला संघ निवडायचा आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दर पौर्णिमेला दुपारी एक सामना खेळायचा. पाचांतले तीन सामने जे गाव जिंकेल, त्याची गुरं होळीपासून पाऊस पडेपर्यंत कुरणात चरतील. हरलेल्या गावाचं एक वासरूसुद्धा आत शिरणार नाही.

सलग सहा वर्षं वरचं गाव जिंकत होतं. त्यामुळं गुरं वाढत वाढत तीनशे वीसवर गेली आणि कडबा साठवून ठेवायची सवय मोडली. जिंकायची सवय लागली, की माणूस आधी गंजी रचायचं विसरतो.

या वरच्या गावात एक वस्ताद होता. अकरा जण निवडायचे आणि कोण कुठं उभा राहील ते ठरवायचं, हे त्याचं काम. रीत अशी होती, की दसऱ्याच्या सकाळी वस्तादानं देवळापुढच्या पारावर नदीतले अकरा पांढरे खडे मांडायचे, मैदानात माणसं उभी राहणार अगदी तसेच. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं आपला खडा उचलायचा, हंगामभर घरी देवापाशी ठेवायचा आणि पुढच्या दसऱ्याला आणून परत द्यायचा. खडा उचलला म्हणजे शब्द दिला.

वस्तादाची मांडणी ठरलेली असे. आघाडीला दोघं, मधे चौघं, मागं बचावाला चौघं आणि गोलात गुराखी. गुराखी चाळिशीचा, अबोल माणूस. गावाची सगळी गुरं तो एकटा राखायचा. कुठलं वासरू कुठं उधळणार हे त्याला वासराच्या आधी कळायचं, मग चेंडूचं काय घेऊन बसलात!

पण मागच्या होळीला एक गोष्ट घडली होती. शेवटच्या सामन्यात पाटलाच्या मुलानं विजयाचा गोल केला आणि गावानं त्याला खांद्यावर घेऊन तीन वेळा वेशीपर्यंत मिरवलं. ज्या गुराख्यानं त्या दिवशी नऊ फटके अडवले, तो तेव्हा गुरांना पाणी दाखवायला गेला होता. त्याची आठवण कुणालाच झाली नाही. त्यालाही झाली नाही, हे एक त्यातल्या त्यात बरं.

झालं! गावातल्या मानाच्या बाकीच्या पाच घरांच्या पोटात दुखायला लागलं. आमचीही पोरं आघाडीला खेळणार, मागं उभी राहणार नाहीत, असा हट्ट प्रत्येकानं धरला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पाटील वस्तादाच्या घरी आले. वस्ताद अंगणातले साधे खडे जमिनीवर मांडून अंदाज घेत बसला होता.

"वस्ताद, सहा घरांत भांडणं लागायची वेळ आली हाय," पाटील म्हणाले. "मी एक तोड काढलीय. आपण देवळात पंगत कशी बसवतो? मानाची सहा घरं देवापुढं पहिल्या ओळीत. मग सुतार-लोहार. मग कुंभार. गुराखी दाराशी. तसेच खडे मांडा. कुणाची तक्रार न्हाई."

"पाटील, पंगतीत समोरून कुणी धावून येत न्हाई," वस्ताद म्हणाला. "सहा म्होरं धाडले तर मागं दोनच कुंभार राहत्यात. खालची पोरं गोलात नुसती चालत शिरतील."

"गुराखी हाय की. त्याच्यासारखा गोलात उभा राहणारा दोन्ही गावांत न्हाई, हे तुमीच सांगता." पाटील उठले, दारापाशी थांबले. "आणि हो, तुमचं पान गेली बारा वर्षं दुसऱ्या ओळीला पडतंय. बरं दिसत न्हाई ते. उद्यापासनं पहिल्या ओळीत, माझ्या शेजारी."

पाटील गेल्यावर वस्ताद पुन्हा खड्यांपाशी बसला. मग त्यानं मागच्या चारांतले दोन उचलले आणि पुढं सरकवले. मग मधले दोन उचलले.

चुलीपाशी बसलेली त्याची बायको म्हणाली, "अवो, मगाशी मागं चार व्हते."

"तुला यातलं काय कळतं?"

"मोजता येतंय की मला," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

सकाळी पारावर खडे मांडले गेले. पुढं सहा, मधे दोन, मागं दोन, आणि सगळ्यांच्या मागं एक. सहा मानाची पोरं हसत पुढं आली आणि त्यांनी आपापले खडे उचलले. सुतार आणि लोहार आले, दोघं कुंभार भाऊ आले. शेवटी गुराखी आला. त्यानं खडा लगेच उचलला नाही.

"वस्ताद, माज्याम्होरं दोनच?"

"यंदा असंच ठरलंय."

"समद्यांनी मिळून धाव घेतली तर?"

"तू हायेस की," वस्ताद म्हणाला.

लोकांना हे कौतुक वाटलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. गुराख्यानं वस्तादाच्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं आणि खडा उचलला. तीनशे वीस गुरांचा उन्हाळा त्या मांडणीवर टांगला आहे, हे त्या पारावर दोघांनाच ठाऊक होतं. एकानं सांगून बघितलं. दुसऱ्यानं सांगितलं नाही.

दुपारी देवळात पंगत बसली. वस्तादाचं पान पहिल्या ओळीत पडलं. पुरणपोळी गरम होती, तूप ताजं होतं आणि वाढपी दोनदा आग्रह करून गेला. खोटं कशाला सांगू, वस्तादाला ते जेवण गोड लागलं.

कार्तिकी पौर्णिमेला पहिला सामना झाला, आणि ज्याची वस्तादालाही कल्पना नव्हती ते दिसलं. आघाडीला सहा जण आहेत एवढंच असतं तरी निभावलं असतं. गरज पडली तर मागं धावत यायचं, दोन पाय तर सगळ्यांनाच असतात. पण खडे पंगतीसारखे मांडले होते, आणि त्या गावात पहिल्या ओळीतला माणूस पानावरून उठून मागच्या ओळीत जाऊन बसला असं कधी घडलं नव्हतं. तसं करणं म्हणजे आपल्या घराचा मान आपल्याच हातानं घालवणं. मैदानातही सहा जण आपल्या ओळीत उभे राहिले. चेंडू मागं गेला, की कमरेवर हात ठेवून तो कुणीतरी आणून द्यायची वाट बघायचे. वाढप्याची बघतात तशी.

मागं गुराखी ओरडत होता, "या की रं मागं! कुणीतरी या!"

पहिला सामना वरचं गाव हरलं. मार्गशीर्षात लोहारानं अख्खं मैदान पळून काढलं आणि एका गोलानं जिंकवलं. मिरवणूक अर्थात पाटलाच्या मुलाची निघाली. पौषात पुन्हा हार, आणि त्यात गुराख्याचं डावं मनगट मोडलं. माघात खालच्या गावात तापाची साथ होती, आठच जण खेळायला आले, म्हणून वरचं गाव जिंकलं. आता दोन-दोन झाले होते आणि सगळं होळीवर आलं.

होळीच्या दुपारी मनगटाला बांबूच्या कामट्या बांधून गुराखी वस्तादापाशी आला.

"वस्ताद, ह्यो एकच सामना," तो म्हणाला. "सहातले दोन मला मागं द्या. कुनीबी द्या. निस्ते उभे राहिले तरी चालंल."

वस्तादानं पाटलाच्या मुलाला हाक मारली आणि विचारलं.

"मी? कुंभाराच्या ओळीत?" पोरगा म्हणाला आणि हसला. त्याला खरंच तो विनोद वाटला.

वस्तादानं मांडवात बसलेल्या पाटलांकडं बघितलं. पाटील पान लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. वस्तादाच्या मनात आलं, की आत्ता ओरडून सांगावं, हुकूमच करावा. गावानं त्याचं ऐकलं असतं, कारण खेळाच्या दिवशी वस्तादाचा शब्द मोडायची रीत नव्हती. पण तो गुराख्याकडं वळला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा. तू हायेस की."

सामना एक-एक असा अडला होता. ऊन उतरायला लागलं तेव्हा खालच्या गावानं एकदमच चाल केली. सुतार-लोहार पुढं अडकले होते, धाकटा कुंभार पडला, थोरला एकटा किती जणांना धरणार? पहिला फटका गुराख्यानं उजव्या हातानं परतवला. दुसरा छातीवर घेतला. तिसऱ्याला त्याला डावा हात लावावा लागला. कामट्या मोडल्याचा आवाज काठावरच्या बायकांनाही ऐकू आला. चेंडू गोलाच्या दोन बांबूंमधून गेला.

गुराखी गुडघ्यांवर बसून राहिला. पलीकडं सहा जण आपल्या ओळीत उभे होते.

त्याच संध्याकाळी चावडीवर बोलणं निघालं. पाटलाचा मुलगा म्हणाला, "गोल कुणी सोडला? त्यानं सोडला. आमी तर जाग्यावरनं हललोबी न्हाई."

हे शेवटचं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं. सगळ्यांनी वस्तादाकडं बघितलं. तो एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं. वस्ताद पायातल्या वहाणांकडं बघत बसला. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की चूक गुराख्याचीच.

चैत्रात झाडांचा पाला संपला. मग लोकांनी घरांवरची गवताची छपरं उतरवली आणि तीही गुरांना घातली. कोरडं, काजळी धरलेलं गवत गुरांनी खाल्लं आणि ती आजारी पडली. कुंपणापलीकडं कुरण हिरवं दिसत होतं, त्यामुळं दिवसभर हंबरडे चालायचे. वैशाखात रोज दोन-तीन गुरं पडायला लागली. प्रत्येक गुराला ओढून नेताना गुराखी एका हातानं दोर धरायचा. त्यांतल्या बऱ्याच गाई-म्हशींना त्यानं जन्मताना हात दिला होता.

वस्तादाची म्हैस अंगणातच बसली ती उठली नाही. बायको तिच्या डोक्यापाशी बसून होती. वस्ताद दारात आला तेव्हा ती म्हणाली, "दसऱ्याला पहिल्या ओळीत जेवलात, तवा ती पत्रावळ घरी आणायची व्हती. हिनं खाल्ली असती."

वस्तादानं वाकून म्हशीच्या गळ्यातला दोर सोडला.

मृग लागला तेव्हा तीनशे विसांतली एकेचाळीस गुरं उरली होती. राखायला फारसं काही राहिलं नाही, म्हणून गुराखी बायकामुलांना घेऊन घाट उतरून लांबच्या गावाला निघून गेला. जाताना त्याला कुणी थांबवलं नाही.

पुन्हा दसरा आला. आता मानाची भूक कुणालाच नव्हती, दुसरी भूक होती. पाटलाचा मुलगा स्वतः येऊन म्हणाला, "वस्ताद, मला कुठंबी उभा करा, मागं करा." वस्तादानं रात्रंदिवस विचार करून ठेवला होता. त्यानं पारावर खडे मांडले: आघाडीला दोन, मधे चार, मागं चार. इतकी नेटकी मांडणी त्यानं आयुष्यात केली नव्हती. पण खडे दहाच होते. गोलाची जागा रिकामी होती.

माणसं जमली होती, तेवढ्यात वेशीकडून गुराखी येताना दिसला. पाय धुळीनं भरलेले, डावा हात वाकडा जुळलेला. वस्ताद लगबगीनं पाराखाली उतरला.

"आलास! मला वाटलंच व्हतं. बघ, तुज्याम्होरं चार ठेवलेत. पाटलाचा पोरगाबी मागं हाय. बघ तरी!"

गुराखी पारापाशी आला. त्यानं सगळे खडे एकेक करून बघितले.

"चोख मांडलंय, वस्ताद," तो म्हणाला. "पर हे गेल्या दसऱ्याला पायजे व्हतं."

मग त्यानं कमरेच्या फडक्यातून आपला पांढरा खडा काढला. परत द्यायची रीत होती, तेवढ्यासाठी तो दोन दिवस चालत आला होता. खडा त्यानं चार खड्यांच्या मागं, गोलाच्या जागी ठेवला, पाराला हात लावून नमस्कार केला आणि आल्या वाटेनं परत गेला.

वस्तादानं त्या खड्यासाठी एक नाव पुकारलं, मग दुसरं, मग तिसरं. कुणी पुढं आलं नाही. दुपारी देवळात पंगत बसली. एकच ओळ होती, कारण वाढायला फक्त कण्या होत्या, आणि त्या ओळीत वस्तादाचं पान मांडलेलं होतं. तो पारावरून उठून जेवायला गेला नाही. दिवस मावळेपर्यंत तो अकराव्या खड्याशेजारी बसून राहिला.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: सगळा भार ज्याच्यावर टाकतो, त्याच्या मदतीची माणसं दुसऱ्यांचा मान राखण्यासाठी काढून घेऊ नयेत. आणि बरोबर काय ते ठाऊक असेल, तर ते त्याच दिवशी बोलावं. खडे पुन्हा मांडता येतात, गेलेला माणूस पुन्हा मांडता येत नाही.