बर्फाची वाट उघडणारा केदारबा

फार पूर्वी, उंच डोंगरांच्या कुशीत एक लांबच लांब तळं होतं. तळ्याच्या अलीकडे एक गाव आणि पलीकडे एक गाव. इकडच्या काठावरून पाहिलं तर तिकडची माणसं मुंग्यांएवढी दिसायची. पण दोन्ही अंगांना डोंगराचे कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यामुळे काठाकाठाने जायला साधी पाऊलवाटही नव्हती. वर एक खिंड होती, ती उन्हाळ्यात मेंढपाळांपुरती. थंडी सुरू झाली की तिच्यात माणूसभर बर्फ साचायचा.

तरीही या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत होत्या. कारण हिवाळा आला की तळं गोठायचं, आणि तळं गोठलं की तोच रस्ता व्हायचा. शेतात काम नाही, मेंढ्या गोठ्यात नाहीतर खालच्या दरीत, घरात सातूची पोती भरलेली. माहेरी जायचे दिवस म्हणजे हिवाळ्याचेच दिवस. होडी कशी बांधतात हे दोन्ही गावांत कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना दरवर्षी आयता रस्ता मिळतो, ते होड्या कशाला बांधतील?

या रस्त्याला सगळे ‘बर्फाची वाट’ म्हणत. ती उघडायचा मान केदारबाच्या घराण्याचा. पौष पौर्णिमेच्या सकाळी केदारबा एकटाच गोठलेल्या तळ्यावर चालत जाई. एका हातात आजोबांच्या वेळची निशाणकाठी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. थोडं आत गेल्यावर तो गूळ बर्फावर ठेवी, काठी आपटून पाही, आणि मग लाल निशाण उंच धरी. ते दिसलं रे दिसलं की पलीकडून एकच आरोळी उठायची. भाऊ घसरगाड्या घेऊन धावत सुटायचे. इकडून गावच्या सुना बोचकी सावरत निघायच्या. तळ्याच्या मध्यावर बहीणभावांची गाठ पडायची, आणि मग जो गोंधळ व्हायचा तो विचारू नका! कुणी रडतंय, कुणी हसतंय, कुणी पाय घसरून पडलंय, आणि पडलेल्याला उठवणाराही त्याच्याच अंगावर.

केदारबाला ते सगळे हिवाळे आठवत. बर्फ जाड होऊ लागला की तळं आतून घुमायचं. डोंगरापलीकडे कुणी नगारा वाजवतंय असं वाटायचं. तो आवाज ऐकला की लहान मुलं आईला बिलगायची आणि म्हातारी माणसं खुशीत म्हणायची, “बोलायला लागलं तळं!” वळचणीला बर्फाच्या लांब कांड्या लटकायच्या. मुलं त्या मोडून चोखायची आणि आयांच्या शिव्या खायची.

मग हळूहळू हिवाळे मऊ होत गेले.

आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. उलट लोक खूश झाले. सरपण कमी लागलं, कोकरं थंडीने दगावली नाहीत. “बरंच झालं की,” लोक म्हणाले. केदारबाही मान हलवायचा. पण सकाळी उठला की तो आधी तळ्याकडे कान द्यायचा. तळं गप्प असायचं. वळचणीला नुसतं पाणी ठिबकायचं. एका वर्षी निशाण पंधरवडाभर उशिरा चढलं. पुढच्या वर्षी त्याहून उशिरा, आणि तेव्हा सुना माहेरी पोचतात न पोचतात तोच त्यांना परत फिरावं लागलं. केदारबा म्हणायचा, “एखादं वर्ष असं निघतं. पुढच्या वर्षी पडेल सणसणीत थंडी.”

पुढच्या वर्षी पौर्णिमा येऊन गेली तरी तळ्यावर नुसता दुधावरच्या सायीसारखा थर. आणि त्याच दिवसांत पलीकडच्या काठावरून धुराच्या दोन रेघा वर चढल्या.

दोन धूर म्हणजे घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय, अशी दोन्ही गावांची खूण होती. धूर निघत होता तो गौराच्या माहेरच्या अंगणातून. गौरा म्हणजे केदारबाची सून. तिचा नवरा हिवाळ्यात कळप घेऊन खालच्या दरीत गेलेला, त्यामुळे घरात सासरा आणि सून दोघंच.

“मामंजी, आईच असणार,” गौरा म्हणाली. “गेल्या वर्षी मी निघाले तेव्हाच तिचा खोकला थांबत नव्हता.”

“असेल, पोरी.”

“वाट कधी उघडाल?”

केदारबाने तळ्याकडे पाहिलं.  गौराने पुन्हा विचारलं नाही. पण तिने बोचकं बांधून दाराशी ठेवलं, आणि येताजाता केदारबाला ते दिसत राहिलं.

मग चार दिवस वारा पडला, जरा थंडी पडली, आणि तळं या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं झालं. गावात आनंदीआनंद! पाटील स्वतः केदारबाच्या दारी आले.

“केदारबा, आता कशाची वाट पाहता? सगळ्या लेकीसुना तयार आहेत. पलीकडे भाऊ येऊन उभे राहिलेत. तुमचं निशाण वर जाऊ द्या.”

“थर बघायला हवा, पाटील.”

“बघाल हो! तुमच्या घराण्याने कधी निशाण धरलं आणि बर्फ फुटला, असं झालंय का?”

तसं कधीच झालं नव्हतं.

केदारबा निशाणकाठी आणि गूळ घेऊन निघाला. सगळं गाव काठावर जमलं होतं. गौरा सगळ्यांच्या पुढे उभी होती. पायाखाली पांढरा बर्फ, समोर ऊन, पाठीमागे माणसांची कुजबुज. केदारबाला वाटलं, आलाच की हिवाळा, उगीच घाबरत होतो आपण. तो भराभर चालू लागला. वय विसरायला झालं त्याला.

थोडं आत गेल्यावर त्याने गूळ ठेवला आणि काठी आपटली.

चांगल्या बर्फावर काठी आपटली की फरशीवर आपटल्यासारखी लागायची. आज आवाज रिकाम्या मडक्यासारखा आला. त्याने पुन्हा आपटली. काठीच्या टोकाभोवती पाणी वर आलं आणि गुळाच्या खड्याला जाऊन भिडलं.

केदारबा तसाच उभा राहिला. काठावरून हे पाणी कुणालाच दिसत नव्हतं. ते फक्त त्यालाच दिसत होतं.

त्याच्या मनात काय काय येऊन गेलं! म्हातारं का होईना, माझं वजन पेललंय ना बर्फाने? भराभर गेले तर जातीलही सगळे. गौराची आई वाट पाहत असेल. आजोबांनी निशाण धरलं, वडिलांनी धरलं. ही वाट माझ्याच हातून बंद व्हावी? नुसता हात वर करायचा आहे. हात वर केला की सगळं पहिल्यासारखं होईल. त्याला ते इतकं हवं होतं, की काठी धरलेला हात खरोखरच खांद्यापर्यंत वर गेला.

पलीकडून आरोळी उठली. मुंग्यांएवढी माणसं हलली. त्यांतला एक जण सगळ्यांच्या पुढे घसरगाडी ढकलत बर्फावर उतरलासुद्धा. एवढ्या लांबूनही त्याची ती वाकून पळायची ढब केदारबाने ओळखली. तो गौराचा भाऊ होता, कुंदन.

 ‘येऊ नका’ असं सांगणारी खूणच दोन्ही गावांत नव्हती. तशी वेळ कधी आली नव्हती. एकट्याचं ओरडणं एवढ्या लांब पोचणार नव्हतं.

त्याने आजोबांची निशाणकाठी दोन्ही हातांनी धरली, गुडघ्यावर घेतली आणि कडकन मोडली. दोन तुकडे दोन हातांत उंच धरले आणि मग दोन्ही खाली टाकून दिले.

काठावरून बायकांची किंकाळी उठली. पलीकडे कुंदन पळता पळता गचकन थांबला. घसरगाडी मात्र त्याच्या हातून सुटून पुढे घसरत गेली, आणि जिथे थांबली तिथे बर्फ फाटला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाडी एका बाजूला कलंडली आणि पाण्यात गेली. कुंदन पोटावर आडवा झाला आणि सरपटत, सरपटत माघारी काठाला लागला.

केदारबा परत आला तेव्हा त्याचे जोडे ओले होते. कुणी त्याला बोल लावला नाही. पण पाटील खालच्या आवाजात एवढं म्हणाले, “तुमच्या आजोबांच्या हातची काठी होती ती.”

“आजोबांच्या पायाखाली आजोबांच्या वेळचा बर्फ होता, पाटील,” केदारबा म्हणाला. “माझ्या पायाखाली काय होतं ते मी पाहिलं.”

एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “मग आता आम्ही माहेरी जायचं तरी कसं रे बाबा?”

 केदारबा घरी येऊन उंबऱ्यावर बसला. गौरा आत चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. केदारबाची नजर वर खिंडीकडे गेली. एरवी या दिवसांत खिंड पांढरीशुभ्र असायची. यंदा तिथे काळे उघडे दगड दिसत होते. सगळा हिवाळाभर त्याने त्या दगडांकडे रागाने पाहिलं होतं. बोडक्या कपाळासारखे दिसतात मेले, असं म्हणून तो तोंड फिरवायचा. आज तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“गौरा,” त्याने हाक मारली, “बोचकं सोडू नकोस. सातू जास्त घे. आपण खिंडीतून जायचं.”

“हिवाळ्यात? खिंडीतून?”

“बर्फ तळ्यावर नाही तसा खिंडीतही नाही. वाट लांबची आहे, पण पायाखाली दगड आहे. आणि मी येतो तुझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं निघाली. वाट वाईट होती. सुटे दगड, काटेरी झुडपं, जिथे तिथे चिखल. बर्फावरून गेलं की दुपारच्या जेवणाला माहेरी पोचायचं. इथे सगळा दिवस चढण्यातच गेला. रात्री मेंढपाळांच्या गुहेत मुक्काम केला. केदारबाला धाप लागायची. गौरा थांबायची, त्याचा हात धरायची. 

खिंडीच्या माथ्यावर पोचल्यावर खाली सगळं तळं दिसलं. चार दिवसांचा बर्फ विरत चालला होता आणि मध्यभागी काळंभोर पाणी हलत होतं. भर हिवाळ्यात तळ्याचं पाणी हलताना केदारबाने जन्मात पाहिलं नव्हतं. तो मटकन खाली बसला.

“मामंजी, पाय दुखतात का?”

“नाही गं.” त्याचे डोळे भरून आले होते. “माझी आई मला पाठीला बांधून याच तळ्यावरून आजोळी न्यायची. खाली काचेसारखा बर्फ, आणि त्यात झाडांची पानं अडकलेली. मी म्हणायचो, आई, ते पान मला काढून दे. ती म्हणायची, राहू दे, उन्हाळ्यात आपसूक वर येईल. दरवर्षी मी तेच मागायचो आणि दरवर्षी ती तेच सांगायची.”

गौरा त्याच्या शेजारी बसली. म्हणाली, “माझं लग्न झालं तेव्हा कुंदन गाडी ढकलत मला पोचवायला आला होता. मला रडायचं होतं हो! पण तो सारखा धबाधब पडत होता. मी सासरी आले ती हसतच आले.”

“आठवतंय मला. गाव म्हणालं, केदारबाची सून भारी खुशालचेंडू दिसते.”

दोघंही हसली. गौराने डोळे पुसले, सासऱ्याचेही पुसले, आणि मग त्याला हात देऊन उठवलं.

उतारावर अर्ध्या वाटेत कुंदन भेटला. बहीण तळ्यावरून येणार नाही हे कळल्यावर तोही खिंडीच्या वाटेने तिला आणायला निघाला होता. तो वाकून केदारबाच्या पाया पडला. “मामा, काठी मोडलीत म्हणून—” एवढंच तो बोलला. 

गौराची आई खरंच अंथरुणावर होती. लेकीला कुशीत घेऊन ती खूप वेळ पडून राहिली. मग तिचं केदारबाकडे लक्ष गेलं.

“व्याही, तुम्हीसुद्धा आलात! यंदा बर्फ कसा होता?”

कुंदनने केदारबाकडे पाहून हळूच मान हलवली. आजारी बाईला सांगू नका, असं त्याला सुचवायचं होतं. पण केदारबा म्हणाला, “यंदा बर्फ आला नाही, विहीणबाई. पुढेही येईल असं वाटत नाही.”

 “आणि मग तुम्ही आलात कसे?”

“चालत. खिंडीतून.”

“या वयात!” ती हसली, हसताना खोकली, आणि पुन्हा हसली. “बसा मग. मला तुमच्या वडिलांच्या वेळचा तो मोठा हिवाळा आठवतोय का ते बघू या. नगाऱ्यासारखं तळं वाजायचं ना हो?”

“वाजायचं तर! भांडी हलायची फडताळात.”

दोघं म्हातारी बोलत बसली. एक विसरलं तर दुसरं आठवून द्यायचं. गौरा आईचे पाय चेपत ऐकत होती.

गौराची आई जवाला कोंब फुटेपर्यंत जगली. गौरा तोवर तिच्याजवळच होती. बर्फाची वाट असती तर बर्फ विरायच्या आत तिला परतावं लागलं असतं; खिंडीतून आली म्हणून तिला राहता आलं.

पुढच्या वर्षी दोन्ही गावांनी मिळून खिंडीच्या वाटेवरचे सुटे दगड काढले, चढावर पायऱ्या खोदल्या, माथ्यावर एक निवारा बांधला. लेकीसुना त्या वाटेने माहेरी जाऊ लागल्या. वाट लांबची होती आणि तिच्यावर घसरगाडीची मजा नव्हती. ती मजा परत कधीच आली नाही, आणि ‘हीच वाट बरी’ असंही कुणी कधी म्हटलं नाही. निवाऱ्यात टेकलं की मुलं केदारबाला तळ्याच्या गोष्टी विचारायची, आणि तोही जीव ओतून सांगायचा.  मग तो उठायचा, कपडे झटकायचा आणि म्हणायचा, “चला आता. ऊन आहे तोवर उतरायला हवं.”

तात्पर्य: जे सरलं त्याची मनापासून आठवण काढावी, त्यासाठी रडावंही, पण ते अजून तसंच आहे असं सांगून आपल्या माणसांना त्याच्यावर पाऊल टाकायला लावू नये.