निशाणाची चुंबळ

“…मग मर्यादा म्हणून काही आहे की नाही, महाराज?”

भैरवचा आवाज मठाच्या ओसरीवरून थेट अंगणापर्यंत गेला. अंगणात धामणवाडीची माणसं बसली होती. त्यांनीही माना हलवल्या.

अचलपुरी महाराज सुपातल्या गव्हातले खडे वेचत होते.

“कशाची मर्यादा?”

“बोलण्याची. रागाची. सांगायला देवानं तोंड दिलंय ना? या बाईनं मठाचं निशाण उतरवलं, त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर लाकडाची मोळी घेऊन गावभर फिरली!”

बाई म्हणजे गोजराबाई. डोंगरातून लाकडं आणून विकणारी. ती खांबापाशी उभी होती, उजवं कोपर पदराखाली झाकून.

भैरव हा महाराजांचा पट्टशिष्य आणि मठाचा निशाणदार. जत्रेत निशाण हातात आलं की त्याची मान अशी ताठ व्हायची, की पायाखालची वाट त्याला दिसायची नाही. एरवी माणूस कष्टाळू, गुरूसाठी जीव टाकणारा. यंदा त्यानंच खपून मठाच्या वाटेवर निशाणासाठी चौथरा बांधला होता आणि भोवती टोकदार लोखंडी कठडा लावला होता.

गावानं ठरवलं होतं की गोजराबाईनं त्या चौथऱ्यापुढं माथा टेकवून माफी मागायची. नाहीतर तिच्या घराला मठाच्या टाक्याचं पाणी बंद. उन्हाळ्यात डोंगरावर पाणी असतं ते तेवढंच. शेवटचा शब्द मात्र महाराजांचा.

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं.

“निशाण डोक्यावर घेतलंस ना, बाई? भैरव तर नुसतं हातात धरतो. म्हणजे तू मानच दिलास की.”

अंगणात कुणीतरी हसलं. सुटकेची वाट आयती समोर आली होती. बाईनं नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“न्हाई म्हाराज,” गोजराबाई म्हणाली. “मान म्हणून न्हाई घेतलं. रागानं घेतलं. निशाणाला बी कळू दे म्हटलं, वझं काय असतं.”

…

आता कुणी हसलं नाही. मला विचाराल तर त्या दिवशी त्या अंगणात एवढं खरं दुसरं कुणी बोललं नव्हतं.

“बघा! स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय,” भैरव उसळला.

“करतेय खरी. बाई, आधी तोंडानं सांगितलं होतंस?”

“शिमग्याला सांगितलं. पाडव्याला सांगितलं. आमचा दगड परत द्या म्हटलं. हे निशाणदार म्हणले, ‘बघू.’ मग वझ्यासकट सून पडली. त्या दिशी रडत आले, तवा म्हणले, निशाणापुढं आवाज चढवू नको.”

चौथरा आहे त्याच जागी पूर्वी एक दगड होता, छातीएवढा उंच. चढ संपला की बायका न वाकता डोक्यावरची मोळी त्यावर सरकवायच्या, दम घ्यायच्या आणि पुन्हा एकट्यानं उचलून निघायच्या. मोळी जमिनीवर टाकली तर एकटीला परत उचलता येत नाही. तो दगड कुणी रोवला कुणाला ठाऊक नाही. ज्यानं रोवला त्याचं भलं होवो. भैरवनं तो उखडून ओढ्यात लोटला होता, चौथऱ्याशेजारी शोभत नाही म्हणून.

महाराजांनी बाईकडं पाहिलं.

“सून कशी आहे?”

“बरी हाय. पोटातलं बी बरं हाय.”

महाराजांनी आकाशाकडं बघून हात जोडले. मग म्हणाले, “आणि कोपराला काय झालं?”

“ह्यांनी निशाण हिसकलं. मोळीसकट पडले.”

ते उठून तिच्याजवळ गेले. तिनं पदर बाजूला केला. कोपर चांगलंच सोललं होतं.

“भैरव, तू मर्यादा विचारत होतास.”

“हो.”

महाराजांनी त्या कोपराकडं बोट दाखवलं. “ही.”

भैरवचा चेहरा उतरला, हट्ट मात्र उतरला नाही. “म्हणजे उद्या कुणी निशाण जाळलं, तरी आपण गप्प बसायचं?”

“गप्प कशाला? विचारायचं.”

“काय विचारायचं?”

“निशाण आण.”

भैरवनं ते धुऊन, घडी घालून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. महाराजांनी घडी उलगडली, पीळ दिला, गोल गुंडाळायला घेतलं. चुंबळ काही जमेना. शेवटी गोजराबाईनंच पुढं होऊन ती नीट करून दिली.

महाराजांनी ती भैरवच्या डोक्यावर ठेवली.

“महाराज… हे निशाण आहे.”

“माहीत आहे. मान ताठ ठेव, तुला सवय आहे. हिची मोळी ओढ्यापाशी पडलीय, ती घेऊन ये.”

दोघं जण मोळी उचलून द्यायला भैरवबरोबर उतरले. तो दिसेनासा झाल्यावर महाराज गोजराबाईकडं वळले.

“मी रोज या वाटेनं जातो, बाई. वर निशाणाकडं बघत जातो. दगड गेलेला मला दिसला नाही. तू निशाण खाली आणलंस, म्हणून माझी नजर खाली आली. तुझे फार उपकार झाले.”

आणि ते वाकले. गोजराबाई दचकून मागं सरली.

“म्हाराज, पाप लावू नका!”

“घे गं. देणं माझं आहे.”

…

भैरव वर आला तेव्हा त्याची मान थरथरत होती. हा चढ त्याला पाठ होता, पण रिकाम्या डोक्यानं. अंगणासमोरच्या चौथऱ्यापाशी त्याचे पाय आपोआप थांबले. सगळ्या बायकांचे तिथंच थांबतात.

त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. सगळीकडं कठड्याची टोकं.

“महाराज…” आवाज अगदी बारीक झाला होता. “कुठं टेकवू?”

महाराज बोलायच्या आत गोजराबाई धावली. सोललेल्या हातानं तिनं मोळीला खालून आधार दिला. भैरवच्या मानेवरचा भार निम्मा झाला आणि त्याचे डोळे भरून आले.

“बाई…” एवढंच तो म्हणाला. गुरूला नमस्कार करतानाही त्याचा आवाज कधी इतका ओला झाला नव्हता.

मोळी दोघांच्या मध्ये तशीच राहिली. तेवढ्यात अंगणातून कुणीतरी विचारलंच, “मग महाराज, हिनं माथा टेकवायचा की नाही?”

महाराज दगडाच्या शोधात ओढ्याकडं निघाले होते. जाता जाता म्हणाले,

“आधी माथ्यावरचं टेकवायला जागा द्या. मग माथ्याचं… बघू.”